पिवळ्या प्लगचं आयुष्य

रिमोटवर चालणाऱ्या गाड्या आणि विमानांच्या छंदात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "ईएससी गेला." ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसून मोटरचा वेग ठरवणारा छोटा डबा. गाडी धक्के खात चालते, जोरात थ्रॉटल दिला की मध्येच थांबते, विमानाची मोटर हवेत क्षणभर गप्प होऊन पुन्हा सुरू होते, की पहिला संशय या डब्यावर जातो. तो महाग असतो, त्याच्या पोटात चिप्स असतात, त्यामुळे बिघडला असेल तर तोच, असा ग्रह होतो. डब्यातून निघालेल्या तांबड्या-काळ्या वायरींच्या टोकाला जो प्लग असतो, त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. बघितलं तर कधी त्याच्या एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसतं. पिन किंचित तिरकी झालेली असते, आणि तिच्यावरचा सोनेरी रंग जाऊन खालचं पांढुरकं निकेल उघडं पडलेलं असतं.

या प्लगवर भार तरी किती पडतो? तीन सेलच्या 2200 एमएएच लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर '25 सी', म्हणजे क्षमतेच्या 25 पट, असं छापलेलं असेल, तर ती 55 अँपिअरपर्यंत प्रवाह देऊ शकते असा तिच्या निर्मात्याचा दावा असतो. घरात एसी किंवा गिझरसाठी भिंतीवर जे मोठं सॉकेट बसवतात, त्याची क्षमता 16 अँपिअर असते. हा फरक व्होल्टेजचा आहे. 600 वॅट शक्ती 230 व्होल्टवर हवी असेल तर तीन अँपिअरही लागत नाहीत. तीच शक्ती 11.1 व्होल्टच्या बॅटरीतून काढायची तर 54 अँपिअर लागतात. आणि प्लगला व्होल्टेजशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला तापवतो तो प्रवाह.

तापण्याचा हिशेब शाळेतलाच आहे. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध म्हणजे उष्णता. चांगल्या स्थितीतल्या कनेक्टरच्या एका जोडावर अर्धा मिलिओहम, म्हणजे एक ओहमचा दोन हजारावा भाग, इतका रोध धरला तर 60 अँपिअरला तिथे 1.8 वॅट उष्णता तयार होते. बोटाला कोमट लागेल इतकीच. पण तोच रोध पाच मिलिओहम झाला, तर त्याच प्रवाहाला 18 वॅट. बाजारात मिळणारा सर्वांत साधा सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचा असतो. म्हणजे साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्टीवर वाचताही येणार नाही इतका रोध वाढला, की नायलॉनच्या कवचात जवळपास एक सोल्डरिंग आयर्न तापत बसतो.

दोन धातू खरोखर किती टेकतात

हा रोध येतो कुठून, याचं उत्तर विसाव्या शतकातल्या एका माणसाने आयुष्यभर शोधलं. रॅग्नार होल्म हा स्वीडिश वंशाचा भौतिकशास्त्रज्ञ. बर्लिनमध्ये सीमेन्स कंपनीत काम करताना त्याने दोन धातू एकमेकांना टेकतात तेव्हा नेमकं काय घडतं याचा अभ्यास केला. त्याचं जर्मन पुस्तक 1941 साली आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तो अमेरिकेत गेला आणि पेनसिल्व्हेनियात हेच काम करत राहिला. विद्युत संपर्कांवर दरवर्षी भरणारी 'होल्म परिषद' आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

होल्मने दाखवलं ते असं: गुळगुळीत दिसणारा धातूचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. पिन सॉकेटमध्ये गेली की पूर्ण गोलाई टेकल्यासारखी वाटते, पण नुकतीच टाकी लावलेल्या जात्याच्या दोन तळ्या जशा फक्त उंचवट्यांवर टेकतात, तसाच हा मामला असतो. सगळा प्रवाह त्या मोजक्या ठिपक्यांतून चिंचोळा होऊन जातो. ठिपके जितके लहान आणि कमी, तितका रोध जास्त. ठिपके मोठे करायचे तर एकच उपाय, दोन्ही पृष्ठभाग जोरात दाबून धरायचे. होल्मच्या सूत्राप्रमाणे हा रोध दाबाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे पकड चौथ्या भागावर आली की रोध दुप्पट होतो.

ठिपक्यांचं तापमान थेट मोजता येत नाही, पण संपर्काच्या दोन बाजूंमधल्या व्होल्टेजवरून ते काढता येतं, हेही होल्मच्याच कामातून आलेलं. तांब्याच्या बाबतीत ठिपक्यांवर 0.12 व्होल्ट पडले की धातू मऊ होऊ लागतो. तिथलं तापमान तेव्हा 190 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, भले बाहेरून पिन चटका लागण्याइतकी तापलेली नसेना. कथलाला मऊ पडायला 0.07 व्होल्ट पुरतात. 60 अँपिअर प्रवाहात 0.12 व्होल्ट पडायला ठिपक्यांचा रोध फक्त दोन मिलिओहम असावा लागतो. छंदी माणसाच्या गाडीत हा प्रवाह रोजचाच आहे.

याचा सरळ अर्थ असा, की कनेक्टर ही मुळात एक स्प्रिंग आहे. सोन्याचा मुलामा, रंगीत कवच, नावातला आकडा हे सगळं त्या स्प्रिंगच्या अंगावरचं. प्लग किती टिकेल हे ती किती दिवस जोर धरून राहते यावर ठरतं.

टामियापासून एक्सटी-60 पर्यंत

जपानच्या शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीने 1976 साली पोर्श 934 ची रिमोट कंट्रोल गाडी आणली. पुढे तिच्या गाड्यांबरोबर येणारा पांढरा नायलॉनचा दोन पिनांचा प्लग 'टामिया प्लग' म्हणून जगभर ओळखला गेला. पातळ पत्रा गोल वळवून केलेल्या पिना, वायरीवर दाबून बसवलेल्या. 7.2 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी आणि साधी ब्रशवाली मोटर, इतक्याच संसारासाठी तो होता, आणि त्या संसारात तो चांगला टिकला. नंतर ब्रशलेस मोटर आणि लायपो बॅटरी आली, प्रवाह कित्येक पटींनी वाढला, आणि हेच पांढरे प्लग आतून तपकिरी होऊ लागले. पातळ पत्र्याची स्प्रिंग एकदा तापून सैल झाली की तिच्यात पुन्हा जोर येत नाही.

अमेरिकेतल्या डीन्सचा 'अल्ट्रा प्लग' ही पुढची पायरी. इंग्रजी टी अक्षरासारख्या मांडणीत दोन सपाट पात्या, एक उभी आणि एक आडवी, त्यामुळे प्लग उलटा घालताच येत नाही. फिमेल, म्हणजे खाचेच्या, बाजूला पातीमागे पोलादी स्प्रिंग. वीज वाहायची सोन्याचा मुलामा दिलेल्या पातीने आणि दाब द्यायचा पोलादाने, अशी कामाची वाटणी इथे आहे. त्यामुळे अस्सल डीन्स वर्षानुवर्षं घट्ट राहतो, कधी कधी इतका घट्ट की वेगळा करताना पकडायला जागा सापडत नाही. नकली डीन्सचं दुखणं निराळं. त्याचं कवच स्वस्त प्लास्टिकचं असतं आणि सोल्डर करतानाच मऊ होऊन पात्या हलतात. पहिल्या दिवसापासून एक पाती तिरकी, म्हणजे टेकणारा भाग अर्धाच.

आज सगळीकडे दिसणारा पिवळा प्लग म्हणजे चीनच्या अमॅस कंपनीची एक्सटी मालिका. एक्सटी-30 मध्ये 2 मिमी, एक्सटी-60 मध्ये 3.5 मिमी आणि एक्सटी-90 मध्ये 4.5 मिमी जाडीच्या गोल पिना असतात. कवच उष्णता सोसणाऱ्या नायलॉनचं असतं आणि त्याची एक बाजू तासलेली असते, म्हणून चुकीच्या दिशेने तो आत जात नाही. हॉरायझन हॉबीच्या ईसी-3 आणि ईसी-5 या निळ्या प्लगांतही असेच गोल 'बुलेट' असतात. त्याच घरातल्या नव्या आयसी-3 मध्ये बॅटरीची माहिती वाहून नेणारी एक जास्तीची पिन आहे, पण तो जुन्या ईसी-3 शी जुळतो.

नावातल्या आकड्याने मात्र बरेच जण फसतात. एक्सटी-60 मधला साठ हा थोड्या वेळापुरत्या प्रवाहाचा आकडा आहे. सतत वाहणाऱ्या प्रवाहासाठी अमॅसच्याच तक्त्यात 30 अँपिअर दिलेले आहेत. एक्सटी-90 साठी हेच आकडे 90 आणि 40.

तरीही हजारो विमानं एक्सटी-60 वर खुशाल उडतात, कारण ती पूर्ण थ्रॉटलवर उडत नाहीत. 2200 एमएएच बॅटरीतली 80 टक्के वीज सात मिनिटांच्या उड्डाणात वापरली, तर सरासरी प्रवाह पडतो 15 अँपिअर. चढताना काही सेकंद 50 अँपिअर लागतात, मग पिना थंड व्हायला वेळ मिळतो. ज्या गाडीला दर वळणानंतर पुन्हा पूर्ण वेग हवा असतो किंवा नळीत बसवलेल्या पंख्याचं (डक्टेड फॅन) जे जेट सतत जोर लावूनच हवेत राहतं, त्याच्या प्लगला ही उसंत मिळत नाही. एकाच पाकिटातून काढलेले दोन प्लग म्हणूनच दोन छंदी माणसांकडे अगदी वेगवेगळं आयुष्य जगतात.

स्प्रिंग नेमकी कोणाकडे

बॅटरीवर नेहमी फिमेल प्लग बसवायचा, हा या छंदातला जुना दंडक. कारण उघड आहे. बॅटरीत वीज कायम असते, तिच्या टोकाला उघड्या पिना असतील तर पेटीतल्या एखाद्या पान्यालाही शॉर्ट करायला वेळ लागणार नाही. मग पिनांची मेल बाजू येते ईएससीकडे. एक्सटी-60 ची ही पिन जवळून बघितली तर तिच्या टोकाला उभ्या-आडव्या चिरा दिसतात, पिन चार पाकळ्यांत विभागलेली असते. सॉकेटमध्ये जाताना या पाकळ्या आत दबतात आणि बाहेर रेटा देतात. म्हणजे या प्लगमधली स्प्रिंग ईएससीच्या बाजूला आहे. फिमेल बाजूचं सॉकेट ही नुसती नळी.

आता वापर मोजून बघावा. एखाद्याकडे सहा बॅटऱ्या आणि एक विमान आहे. सगळ्या बॅटऱ्यांची एक फेरी झाली की प्रत्येक बॅटरीचा प्लग दोनदा जोडला जातो, एकदा विमानाला आणि एकदा चार्जरला. ईएससीचा प्लग मात्र त्याच फेरीत सहा वेळा जोडला जातो. म्हणजे जी बाजू सर्वांत जास्त झिजते, तिच्याकडेच नाजूक पाकळ्या आहेत. चार्जरच्या वायरीचंही तसंच, तिला तर घरातल्या प्रत्येक मॉडेलच्या बॅटऱ्या जोडल्या जातात. आणि सैल किंवा खडबडीत झालेली एक पिन ज्या ज्या सॉकेटमध्ये जाते, त्या प्रत्येकाचा मुलामा थोडा थोडा खरवडत जाते.

मुलामा असतोच किती? चांगल्या औद्योगिक कनेक्टरवर पितळावर सव्वा मायक्रॉनच्या आसपास निकेल आणि त्यावर पाऊण मायक्रॉन सोनं, असा प्रघात आहे. स्वस्त मालावर सोन्याचा नुसता झळाळ असतो, मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी. सोनं गंजत नाही, म्हणून ते तिथे असतं. ते खरवडलं गेलं की खालच्या धातूवर हवेतला प्राणवायू आणि ओलावा यांचं काम सुरू होतं. पितळेचं भांडं कळकतं हे मराठी घरात कोणाला सांगायला नको, पिनही पितळेचीच. कोकणकिनाऱ्यावर किंवा गोव्यात समुद्राच्या वाळूत गाडी पळवणाऱ्यांच्या प्लगमध्ये हिरवट कीट लवकर दिसतं, कारण खारट ओलाव्यातून वीज वाहिली की गंजण्याचा वेग वाढतो.

कंपनं हा आणखी एक छुपा शत्रू. मोटर फिरताना, चाकं खडीवर आपटताना जोडलेल्या पिना सूक्ष्म हालचाल करत राहतात, काही मायक्रॉन ते काही दहा मायक्रॉन. डोळ्याला ती दिसत नाही. कथलाचा मुलामा असलेल्या पिनांवर या घासण्याने कथलाचा ऑक्साइड बारीक भुकटीसारखा सुटतो आणि ठिपक्यांमध्येच साचतो. कल्हईला लागतं तेच हे कथील, स्वयंपाकघरात उपयोगी, पण सतत थरथरणाऱ्या जोडात त्रासदायक. ईएससीपासून रिसीव्हरकडे जाणारा तीन वायरींचा छोटा प्लग अशाच कारणाने दगा देतो. तिथे एका बाजूला सोनं आणि दुसऱ्या बाजूला कथील अशी सरमिसळ टाळलेली बरी.

यापेक्षा वेगाने मारते ती उष्णता. तापलेली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत राहिली की तिचा जोर हळूहळू उतरतो. पितळ या बाबतीत कमजोर, फॉस्फर ब्राँझ त्याहून चिवट आणि बेरिलियम तांबं आणखी चिवट. जोर उतरला की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की उरलेला जोरही उतरतो. म्हणून प्लग वर्षभर ठणठणीत वाटतो आणि मग एखाद्या दुपारी अर्ध्या तासात वितळतो. सुरुवातीचा बिघाड आधीच झालेला असतो, फक्त तो मिलिओहमांत असतो.

सैल एक्सटी-60 वर मैदानात एक उपाय केला जातो. पातळ पातं चिरेत घालून पाकळ्या केसभर बाहेर सारायच्या. पकड परत येते आणि त्या दिवसाचं उड्डाण निभावतं. पण उष्णतेने मऊ झालेला धातू पुन्हा वाकवल्याने कडक होत नाही, आणि जास्त ताण दिला तर पाकळीच तुटते. असा प्लग घरी आल्यावर बदलायचाच असतो.

ठिणगी

बॅटरी जोडताना 'टक्' असा आवाज येतो आणि निळसर ठिणगी दिसते. नवख्याला वाटतं काहीतरी शॉर्ट झालं. प्रत्यक्षात ईएससीच्या तोंडाशी असलेले कपॅसिटर त्या क्षणी रिकामे असतात आणि रिकामा कपॅसिटर सुरुवातीला शॉर्टसारखाच वागतो. सहा सेलची पूर्ण भरलेली बॅटरी म्हणजे 25.2 व्होल्ट. बॅटरी, वायरी आणि कपॅसिटर यांचा मिळून रोध 50 मिलिओहम धरला, तर क्षणभर 500 अँपिअर वाहू शकतात. 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरताना साधारण 0.3 ज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते, आणि तिच्यातला काही भाग पिनेच्या अगदी टोकावर, टाचणीच्या अग्राहूनही लहान जागेत. तिथला धातू वितळून उडतो आणि बारीक खळगा पडतो.

गोल पिनांचं नशीब असं, की ठिणगी टोकाला पडते आणि कायमचा संपर्क मात्र थोडा मागे, पाकळ्यांच्या फुगीर भागावर असतो. म्हणून काळं पडलेलं टोक लगेच घातक ठरत नाही. घातक ठरतो तो खळग्याचा खरखरीत काठ, कारण प्रत्येक वेळी सॉकेटमध्ये जाताना तो आतला मुलामा ओरबाडतो. प्लग भीतभीत, अडखळत जोडला तर एकाऐवजी तीन-चार ठिणग्या पडतात. एका दमात आत सारला तर एकच.

मोठ्या व्होल्टेजसाठी अमॅसने एक्सटी-90-एस काढला. त्याच्या आत 5.6 ओहमचा रोधक दडवलेला असतो. पिन आत शिरताना आधी हा रोधक मध्ये येतो, सहा सेलवर प्रवाह साडेचार अँपिअरच्या वर जात नाही, कपॅसिटर काही मिलिसेकंदांत भरतो, आणि पिन पूर्ण बसली की रोधक आपोआप वगळला जातो. फवारणीच्या शेती ड्रोनवर दिसणारे एएस-150 जातीचे मोठे कनेक्टरही याच युक्तीवर चालतात. तिथे बॅटऱ्या दिवसभर बदलाव्या लागतात, आणि दर बदलाला ठिणगी परवडणारी नसते.

सोल्डर

पिन आणि सॉकेटच्या संपर्काइतकाच नाजूक दुसरा जोड प्लगच्या मागच्या बाजूला असतो. अनेक प्लग तर वापरायला लागण्याआधीच सोल्डर करताना मरतात. 63/37 प्रमाणाचा कथील-शिसे सोल्डर 183 अंशांना वितळतो, शिसेविरहित सोल्डर 217 अंशांच्या पुढे. नायलॉनचे काही प्रकार 220 अंशांच्या आसपासच वितळतात. मधली फट किती चिंचोळी आहे ते यावरून कळतं. छोट्या टोकाचा, कमी वॅटचा आयर्न घेऊन जाड वायर सोल्डर करायला गेलं की पिन तापायला मिनिटभर लागतो आणि तेवढ्यात सगळी उष्णता कवचात उतरते. उलट रुंद टोकाचा, दमदार आयर्न तीन-चार सेकंदांत काम उरकतो.

जाणकार हे काम करताना समोरचा जोडीदार प्लग आधी जोडून घेतात. तो जास्तीची उष्णता शोषतो, आणि कवच थोडं मऊ झालंच तरी पिना सरळ रेषेत राहतात. वायरीचं टोक आणि पिनेमागची छोटी वाटी दोन्हींवर आधी वेगवेगळा सोल्डर चढवायचा, मग वाटीतला सोल्डर पातळ करून त्यात वायर बुडवायची आणि तो गोठेपर्यंत हात हलू द्यायचा नाही. चांगला जोड चकचकीत दिसतो आणि सोल्डर वायरीच्या तारांवर चढलेला असतो. भुरकट, गोळ्यासारखा दिसणारा जोड वरून चिकटलेला असतो, पण आतून त्यात वीज जायला धड वाट नसते.

इथे आणखी एक सापळा आहे. 12 गेजच्या सिलिकॉन वायरीत केसासारख्या साधारण 680 तारा असतात, म्हणूनच ती इतकी लवचीक असते. जास्त वेळ तापवलं तर सोल्डर तारांमधून वर चढतो, सिलिकॉनच्या आवरणाखाली जातो आणि वायरीचा तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो. जिथे ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो, नेमक्या तिथेच तारा एकेक करून तुटू लागतात. वायर धरून प्लग ओढायची सवय असेल तर आणखी लवकर. बाहेरून आवरण शाबूत, आत 680 पैकी 200 तारा उरलेल्या, असा प्रकार दिसायला निरुपद्रवी आणि शोधायला कठीण.

बिघाड मोजायचा कसा

मिलिओहम मोजायला साधा मल्टिमीटर अपुरा पडतो, पण मिलिव्होल्ट तो सहज मोजतो, आणि स्थिर प्रवाह द्यायला चार्जर घरात असतोच. बॅटरी 5 अँपिअरने चार्ज होत असताना मीटर 200 मिलिव्होल्टच्या पट्टीवर ठेवायचा. एक टोक पिनेमागच्या सोल्डरवर, दुसरं त्याच ध्रुवाच्या सॉकेटमागच्या सोल्डरवर. मीटरचं टोक घसरून दुसऱ्या ध्रुवाला चुकूनही लागू द्यायचं नाही. चांगल्या जोडावर दोन-तीन मिलिव्होल्ट दिसतात, म्हणजे अर्धा मिलिओहम. पंधरा दिसले तर रोध तीन मिलिओहमवर गेलेला आहे. प्लग हलकेच हलवताना आकडा नाचत असेल, तर स्प्रिंग संपत आली आहे. मग हीच चाचणी दुसऱ्या बॅटऱ्या चार्ज करताना करायची. आकडा सगळ्या बॅटऱ्यांवर वाढलेला दिसला तर दोष चार्जरच्या प्लगमध्ये, एकाच बॅटरीवर दिसला तर त्या बॅटरीच्या.

ईएससीकडची बाजू तपासायची आणखी साधी रीत म्हणजे बोट. गाडी पळवून आणली की लगेच प्लगला हात लावायचा. वायरीपेक्षा प्लग जास्त गरम असेल, तर उष्णता प्लगमध्येच तयार होते आहे. दहा सेंटिमीटर 12 गेज वायरीचा रोधही अर्धा मिलिओहमच असतो, तेव्हा निरोगी प्लग वायरीपेक्षा फार तापायला नको.

सैल प्लगची किंमत ईएससीला कशी मोजावी लागते, तेही आकड्यांत दिसतं. 40 अँपिअर ओढले जात असताना संपर्क क्षणभर तुटला, तर 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 12.6 व्होल्टपासून रिकामा व्हायला मिलिसेकंदाचा तिसरा भागही पुरतो. ईएससीच रिसीव्हरला 5 व्होल्ट पुरवत असेल तर रिसीव्हरही त्याच झटक्यात बंद पडू शकतो, आणि विमान काही क्षण कोणाच्याच हातात नसतं. गाडीत ब्रेक दाबल्यावर मोटर उलट वीज बनवून बॅटरीकडे ढकलते. नेमका तेव्हा प्लग सुटला तर त्या विजेला जायला जागा नसते आणि ईएससीच्या आतलं व्होल्टेज उसळतं. ईएससीपासून मोटरकडे जाणाऱ्या तीन वायरींच्या बुलेटांपैकी एक सैल झाला तर तिसऱ्या फेजचा पत्ता हरवतो, मोटर थरथरते, आणि ईएससीतले ट्रान्झिस्टर नको तेव्हा नको तितका प्रवाह सोसतात. मग "ईएससी गेला" हे खरंच होतं, फक्त तो एकटा गेलेला नसतो.

प्लगची निगा फार मागत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पिना आणि सॉकेट पुसावेत. काळा डाग घालवायला पॉलिश पेपर मात्र लावू नये, कारण डागाबरोबर उरलासुरला मुलामाही जातो. खरेदी करताना कवचावरचं अमॅसचं नाव बघावं, अर्थात नकली मालावरही ते छापलेलं असू शकतं. पुण्यातल्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर प्लग हातात घेऊन जोडून बघता येतात, हा ऑनलाइनपेक्षा मोठा फायदा. नवी जोडी घट्ट बसली पाहिजे, आणि पिन कवचात जराही डगमगता कामा नये.

बदलायची वेळ आली तर नवी मेल बाजू जुन्या फिमेलला जोडून अर्धं काम करू नये. झिजलेली एक बाजू नव्या बाजूलाही लवकर झिजवते. ईएससीची बाजू बदलताना निदान सर्वांत जास्त वापरातल्या बॅटऱ्यांच्या बाजूही तपासाव्यात. जोडणी झाल्यावर पहिल्यांदा वीज देताना मध्ये गाडीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्टचा बल्ब जोडायची पद्धत ड्रोनवाल्यांत आहे. तीन सेलपर्यंतच्या बॅटरीला तो पुरतो. ध्रुव उलटे झाले असतील किंवा सोल्डरचा थेंब मध्ये पडला असेल तर बल्ब नुसता लखलखतो आणि ईएससी वाचतो. सगळं ठीक असेल तर तो क्षणभर चमकून विझतो.

बॅटरीवरचा प्लग बदलताना सर्वांत मोठी काळजी कात्रीची. तांबडी आणि काळी वायर एकाच वेळी कात्रीत धरली, तर कात्रीचं पातंच दोन ध्रुवांना जोडतं आणि लायपो बॅटरी काही क्षणांत शेकडो अँपिअर ओतते. म्हणून आधी एकच वायर कापायची, तिचं टोक टेपने झाकायचं, तिच्यावर नव्या प्लगची पिन सोल्डर करून श्रिंक ट्यूब चढवायची, आणि त्यानंतरच दुसऱ्या वायरीला हात लावायचा.